भयपटांतील भूत आणि भोंवतालचा समाज

बाळंतपणांत दगावलेल्या स्त्रीची हडळ होते, आणि मुंज झालेला पण सोडमुंजीपूर्वीं वारलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, या समजुती महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या ऐकूं येत आल्या आहेत. केवळ भोळेपणा म्हणून त्या झटकून टाकल्या, तर त्यांतील एक मार्मिक गोष्ट नजरेआड होते. भूत कोणाचें होतें? जिचा संसार अर्ध्यावर मोडला तिचें, ज्याला संसार करावयासच मिळाला नाहीं त्याचें. ज्यांचें देणें चुकतें झालें नाहीं, त्यांचीच मागें राहिलेल्यांना भीति वाटते. पडद्यावरील भयपटांनाहि हा नियम लागू पडतो काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत भयानक रसाचा स्थायीभाव भय आणि बीभत्साचा जुगुप्सा असा सांगितला आहे. भयपट या दोन्ही रसांवर जगतो. परंतु अंगावर कांटा उभा राहिला एवढ्यानें कथेचें काम संपत नाहीं. भीति कोणाची, ती कोणाला, आणि शेवटीं कोण वांचतो, हें कथानक ठरवितें. आणि हें ठरवितांना तें समाजाविषयीं आपला अभिप्राय नकळत देऊन जातें.

कथानकाची घडण उलगडून दाखविणाऱ्या विद्वानांपैकीं दोघांचा येथें विशेष उपयोग होतो. रशियन लोककथांचे अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांचा ग्रंथ १९२८ सालीं प्रसिद्ध झाला. शंभर अद्भुतकथा तपासून त्यांनीं असें दाखविलें कीं, पात्रें बदललीं तरी त्यांच्या हातून घडणारीं कार्यें ठराविक असतात, आणि त्यांची संख्या ३१ आहे. आरंभीं कोणी तरी मनाई करतो आणि ती मोडली जाते. अखेरीस नायकाची ओळख पटते व त्याचा गौरव होतो. 'त्या खोलींत जाऊं नको' असें सांगितलें, कीं कथेंतला माणूस नेमका त्याच खोलींत जावयाचा! कितीएक भयपटांचा पाया हाच असतो.

दुसरे त्स्वेतान तोदोरोव्ह (१९३९–२०१७). मूळचे बल्गेरियांतील आणि पुढें फ्रान्समध्यें स्थायिक झालेल्या या पंडितांनीं कथेची वाट पांच टप्प्यांत मांडली. प्रथम घडी नीट बसलेली असते. मग ती विसकटते. विसकटल्याची जाणीव होते. ती सांवरण्याचा यत्न होतो. आणि शेवटीं नवी घडी बसते. ही नवी घडी जुनीसारखी दिसली तरी तीच नसते. भयपटाचें मर्म बहुधा याच शेवटल्या टप्प्यांत असतें. राक्षस मेला आणि गांव निर्धास्त झालें, असा शेवट असेल, तर पूर्वींची स्थितीच उत्तम होती असें त्यांतून सुचविलें जातें. पण घडी बसूनहि प्रेक्षकाचें मन बसत नसेल तर?

जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या अमेरिकन चित्रपटाचा शेवट अशा प्रकारचा आहे. पिट्सबर्ग शहराच्या परिसरांत अल्प खर्चांत काढलेला हा कृष्णधवल चित्रपट १९६८ च्या ऑक्टोबरांत पडद्यावर आला. बार्बरा व तिचा भाऊ वडिलांच्या थडग्यावर पुष्पचक्र ठेवावयास जातात. तेथें एक चालतें प्रेत त्यांच्यावर झडप घालतें. भाऊ पडतो, ती पळत सुटते आणि शेतावरील एका घरांत शिरते. थोड्याच वेळांत बेन नांवाचा कृष्णवर्णी तरुण तेथें येतो आणि धीर न सोडतां दारांखिडक्यांना फळ्या ठोकूं लागतो. तळघरांत कूपर नांवाचा गृहस्थ बायको व आजारी मुलीसह आधींच लपलेला असतो. एक तरुण जोडपेंहि त्यांच्याबरोबर असतें. सर्वांनीं तळघरांतच बसावें, हा कूपरचा हट्ट. तळघर म्हणजे सांपळा, हें बेनचें म्हणणें. बाहेर मृत्यु दार ठोठावीत असतां आंतलीं माणसें वर्चस्वासाठीं भांडतात, आणि एकेक करून मरतात. एकटा बेन वांचतो, तोहि अखेर त्याच तळघराचा आश्रय घेऊन! सकाळीं बंदुका घेतलेलें पथक प्रेतांचा फडशा पाडीत येतें. खिडकीशीं आलेला बेन त्यांना दिसतो. तेहि प्रेतच असावें, अशा समजुतीनें ते त्याला गोळी घालतात.

आतां हे दोन सिद्धांत लावून पाहावे. तोदोरोव्ह यांच्या हिशेबानें घडी बसली आहे. प्रेतें नष्ट होत आहेत, बंदोबस्त चोख आहे. मात्र प्रॉप यांनीं सांगितलेलें, नायकाची ओळख पटण्याचें कार्य येथें घडतच नाहीं. रात्रभर माणसासारखा वागलेला एकच मनुष्य उरतो, आणि त्यालाच माणूस म्हणून कोणी ओळखत नाहीं. पुढें वृत्तपत्रांतल्यासारखीं दाणेदार स्थिर छायाचित्रें दिसतात : हातांत आंकडे घेतलेलीं माणसें, बेनचें प्रेत, पेटविलेली रास. जमावानें कृष्णवर्णीयांचे बळी घेतल्याचीं जुनीं छायाचित्रें ज्या देशानें पाहिलीं होतीं, आणि ज्यांत त्याच वर्षीं एप्रिलमध्यें मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती, त्या देशाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

यावर एक आक्षेप येतो. बेनची भूमिका लिहितांना त्याचा वर्ण ठरलेला नव्हता. ड्वेन जोन्स यांची चाचणी सर्वांत सरस झाली म्हणून त्यांना निवडलें, असें रोमेरो सांगत. मग हा अर्थ ओढूनताणून काढलेला नव्हे काय? तसें म्हणतां येत नाहीं. कर्त्याचा हेतु हा अर्थाचा एक उगम आहे, एकमेव नव्हे. कथा समाजांत सोडली, कीं समाजाच्या आठवणी तिला येऊन चिकटतात.

स्त्रीचें चित्रणहि असेंच तपासतां येतें. १९६८ ची बार्बरा धक्क्यानें जवळजवळ मुकी होते आणि शेवटीं प्रेत झालेला भाऊच तिला ओढून नेतो. १९८७ सालीं कॅरोल क्लोव्हर या विदुषीनें दाखवून दिलें कीं, मधल्या काळांतील खूनपटांत सर्वांच्या मागें उरून मारेकऱ्याला तोंड देणारी बहुधा एखादी मुलगीच असते. १९७८ च्या 'हॅलोवीन' मधील लॉरी ही अशीच. पुढें १९९० मध्यें रोमेरो यांच्याच पटकथेवरून जुन्या चित्रपटाची नवी आवृत्ति निघाली. तींत बार्बरा बंदूक उचलते आणि जिवंत बाहेर पडते. थडगें तेंच, शेत तेंच, प्रेतेंहि तींच. मधल्या २२ वर्षांत बदलली ती स्त्रीविषयींची अपेक्षा.

म्हणून घरांतील तरुण मुलें भयपट पाहून आलीं, तर त्यांना नुसतें रागें भरण्यापेक्षां तीन प्रश्न विचारावेत. यांत भयंकर म्हणून कोणाला दाखविलें? वांचण्यास लायक कोण ठरलें? आणि शेवटीं जी घडी बसली, ती कोणाच्या सोयीची? वेडसर म्हातारी, पांगळा मनुष्य, परक्या वस्तींतला माणूस यांनाच वारंवार राक्षस केलेलें आढळलें, तर दोष अंधाराचा नव्हे, दिवा धरणाऱ्या हाताचा आहे, हें मुलांना आपोआप उमगेल. आणि मग एखादे दिवशीं, हडळीची गोष्ट ऐकतां ऐकतां, ती बिचारी बाळंतपणांत मेली तरी कां, असेंहि त्यांतलें एखादें विचारील.