मोर्णेच्या काठाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

जठारपेठ म्हणजे अकोल्याचा नाकासमोर चालणारा, पांढरपेशा भाग. चौकातला भाजीबाजार, सातव चौकाकडची रहदारी, दवाखाने, शिकवणीवर्गांच्या पाट्या आणि संध्याकाळी कचोरीच्या कढईभोवती जमलेली मंडळी. इथे पाहुणा आला की त्याला राजराजेश्वराला नेतात, फार तर असदगडावर. मोर्णा नदी दाखवायला कोणी नेत नाही. पुरवणीसाठी नदीकाठावर लिहायचं ठरलं, तेव्हा जठारपेठेतल्या माझ्या यजमानांनीच विचारलं, "तिथं काय पाहाले जाता?"

इतिहास अकोलेकरांना पाठ आहे, म्हणून भराभर. अकोलसिंहाने गावाला मातीची भिंत घातली म्हणतात. पुढे औरंगजेबाचा वजीर असदखान आला आणि त्याच्या नावाचा किल्ला उभा राहिला. इंग्रजी अमलात कापसाचा व्यापार वाढला, रेल्वे आली. जुनं शहर नदीच्या पश्चिमेला राहिलं, नव्या पेठा पूर्वेला वाढल्या. मधली नदी दोघांचीही होती, म्हणून ती कोणाचीच राहिली नाही.

राजराजेश्वराची कथा मात्र थांबून ऐकावी अशी आहे. अकोलसिंहाची राणी रोज मध्यरात्री एकटी महादेवाच्या पूजेला जायची. राजाला संशय आला आणि एका रात्री तो तलवार घेऊन मागे गेला. राणीला ते कळलं. तिने देवाचा धावा केला, पिंड दुभंगली आणि राणी आत सामावली. त्या देवाला श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णेचं पाणी घालतात. गांधीग्रामहून सुमारे अठरा किलोमीटर अनवाणी चालत, रात्रभर कावडी येतात. शेकडो भरण्यांच्या पालख्या खांद्यावर घेणारी मंडळं अकोल्यात गल्लोगल्ली आहेत. पूर्णेच्या पाण्यासाठी एवढा जीव टाकणारं हे शहर पूर्णेच्याच लेकीला, मोर्णेला, नाल्याची वागणूक देतं.

दगडी पुलाकडून जुन्या शहरात शिरलो, तेव्हा एका कुंभाराच्या दारात चाक फिरताना दिसलं. नंतरची सगळी दुपार तिथेच गेली. साठी ओलांडलेले गृहस्थ. माठाचा गळा बोटांनी असा उचलत होते की बघत राहावं. गाळलेल्या मातीत लीद किती घालायची, माठ उन्हात न ठेवता सावलीत का वाळवायचा, आवा लावताना मोठी भांडी कुठे आणि बारकी कुठे, हे सगळं त्यांनी हात न थांबवता सांगितलं. माती कुठली म्हणून विचारलं, तेव्हा मात्र चाक थांबलं. पूर ओसरला की काठावर गाळ बसायचा. त्यांचे वडील तो खोऱ्याने ओढून आणायचे. आता माती ट्रॅक्टरने विकत येते. "पयले नदी माती आणून देये, आमी भांडे करो," ते म्हणाले. "आता नुसतं पाणी आणते, अन् ते बी घरात."

घरात पाणी आलं ते २१ जुलै २०२१ च्या रात्री. दोनशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला आणि सखल वस्त्यांतली माणसं अंधारात माळ्यावर, शेजाऱ्यांच्या गच्चीवर चढली. दुसऱ्याच दिवशी चिपळूण आणि महाड बुडाले, तळियेवर डोंगर कोसळला. महाराष्ट्राचे सगळे कॅमेरे कोकणात गेले, ते योग्यच होतं. अकोल्याचा पूर मात्र आतल्या पानांत गेला. कुंभारकाकांचा आवा त्या पावसात भिजला आणि भाजायला ठेवलेली भांडी पुन्हा चिखल झाली.

हा पूर फक्त आभाळाने केलेला नाही. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसाचं पाणी पिऊन घेते. पण एकदा फुगली की भेगा मिटतात आणि पुढचा पाऊस तिच्यावरून सरळ वाहून जातो. अशा पाण्याला पसरायला नदीकाठची मोकळी जमीन लागते. तिथे करंज, उंबर, जांभूळ असेल, लव्हाळं आणि वाळा असेल, तर मुळं काठ धरतात, पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ तिथेच बसतो. पाटबंधारे खात्याला हे ठाऊक आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, अशा दोन पूररेषा नकाशावर आखतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. काठाने चालताना मला ही रेषा नकाशापुरतीच उरलेली दिसली. बांधकामाचा राडारोडा थेट पात्रात उतरला होता.

शहराला नदीची आठवण एकदा जोरात आली होती. १३ जानेवारी २०१८ ला जलकुंभी काढायला सहा हजारांहून अधिक अकोलेकर पात्रात उतरले. कॉलेजची पोरं होती, बायका होत्या, म्हातारी माणसं होती. त्याच महिन्याच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी मोर्णेचं नाव घेतलं. जठारपेठेतले माझे यजमानही तेव्हा गुडघाभर पाण्यात उभे होते, आणि हे सांगताना आजही त्यांचा आवाज चढतो. पण जलकुंभी सांडपाण्यावर पोसते. सांडपाणी येत राहिलं तर उपटलेली वनस्पती परत येणारच. श्रमदानाने एक दिवस निघतो. काठ राखायला मात्र दर वर्षी पगारी माणूस, रोपं, कुंपण आणि देखरेख लागते, आणि त्याला पैसे लागतात.

समुद्रकाठी असा पैसा आता कुठे कुठे दिसू लागला आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष काढला, पुढे त्याला जोडून प्रतिष्ठान उभं केलं. ठाणे खाडीचं २०१५ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली. कांदळवन भरतीचं पाणी अडवतं हे मुंबईला २६ जुलै २००५ नंतर पटू लागलं. ग्रीन क्लायमेट फंडाने २०१८ मध्ये आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचं अनुदान मंजूर केलं.

अकोल्याला समुद्र नाही. पण मोर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला आणि तापी सुरतेपलीकडे समुद्राला. २००६ च्या ऑगस्टमध्ये याच तापीने सुरत बुडवली होती. खाडीच्या मुखाशी झाडं लावायला पैसा मिळतो, मग त्या खाडीला पाणी पुरवणाऱ्या काठाला का मिळू नये? खेड्यांसाठी निदान सुरुवात झाली आहे. जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलर कर्जातून आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातली ९३२ गावं घेतली. पण तो प्रकल्प शेताचा. शहराच्या हद्दीतली नदी त्यात बसत नाही. केंद्राच्या शहरी पूर कार्यक्रमासाठी पंधराव्या वित्त आयोगाने २,५०० कोटी सुचवले, तेही सात महानगरांसाठी. त्यात मुंबई आणि पुणे आहेत, अकोला नाही.

राहता राहिला राज्याचा आपत्ती निधी. पंधराव्या वित्त आयोगाने त्यातले ऐंशी टक्के आपत्ती आल्यानंतरच्या मदतीला आणि वीस टक्के ती टाळण्याच्या कामांना वाटून दिले. पूर्वी टाळण्यासाठी असा वेगळा निधीच नव्हता, त्यामुळे ही वीस टक्क्यांची सोयही मोठी. तरी आपली सवय पंचनाम्याची आहे. घरात पाणी शिरलं की तलाठी येतो, भांडीकुंडी मोजतो, सानुग्रह अनुदान निघतं. कुंभारकाकांचाही पंचनामा झाला होता. काठावर वाळा लावा म्हणून मात्र त्यांच्याकडे आजवर कोणी आलं नाही, आणि कुठे लावायचा हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असेल असं मला वाटत नाही.

मोर्णा बघायची असेल तर अकोला स्टेशनवरून रिक्षा करा, जुन्या शहरात उतरा आणि काठाने पायी चाला. श्रावणातला शेवटचा सोमवार साधला तर कावडीही दिसतील, मात्र त्या दिवशी गर्दीची तयारी ठेवा. माठ उन्हाळ्याआधी घ्या, मागाहून चांगला माल उरत नाही. आणि महापालिकेत तुमचं कोणी ऐकत असेल, तर एवढं सांगा: अंदाजपत्रकात निळ्या रेषेच्या आतल्या काठासाठी वेगळं लेखाशीर्ष उघडा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दर वर्षी ठेवा आणि पूर येण्याआधी खर्च करा.