अ‍ॅव्हरेज वाढवणारी डबी

"गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?" हा प्रश्न तुम्ही मोठ्या माणसांच्या तोंडून पुष्कळदा ऐकला असेल. एक लिटर पेट्रोलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, असा त्याचा अर्थ. भंडारा जिल्ह्यातील बपेरा हे गाव मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून आहे. तालुक्याच्या कामासाठी तेथल्या माणसाला तुमसर गाठावे लागते. मोटारसायकलवरून अशी नेहमी ये-जा करणाऱ्याला पेट्रोलचा थेंबन् थेंब मोलाचा वाटतो. त्याला कोणी म्हणाले, "ही डबी पेट्रोलच्या नळीवर बसवा, अ‍ॅव्हरेज वीस टक्क्यांनी वाढेल, शिवाय इंजिनाची ताकदही वाढेल," तर मोह होणारच!

अशी अनेक साधने विकली जातात. नळीवर बसवायचे चुंबक, आत जाणाऱ्या हवेला भोवऱ्यासारखी फिरवणारी चक्री, टाकीत टाकायची गोळी, पाण्यापासून वायू तयार करणारी बाटली. त्यांचा खरेच उपयोग होतो का? जाहिरात बाजूला ठेवून आपण थोडा हिशेब करू.

एका लिटरचा जमाखर्च

एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे ३ कोटी २० लक्ष ज्यूल ऊर्जा मिळते. ही आपली जमा. आता खर्च पाहू. इंजिनात जाणाऱ्या १०० भाग ऊर्जेपैकी साधारण २५ ते ३० भागच दट्ट्याला ढकलून चाक फिरवण्याच्या कामी येतात. सुमारे तिसरा हिस्सा तापलेल्या धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो. जवळजवळ तेवढाच सिलिंडरच्या भिंतींतून बाहेरच्या हवेला किंवा रेडिएटरमधील पाण्याला मिळतो. काही भाग घर्षणात जातो. आणि न जळता वाया जाणारे पेट्रोल किती? चांगल्या स्थितीतील इंजिनात अवघे दोन-तीन भाग!

येथेच थांबून विचार करा. "आमच्या साधनाने पेट्रोल पूर्ण जळते," असे बहुतेक विक्रेते सांगतात. ते अगदी खरे मानले, तरी वाचण्यासारखे आहे किती? दोन-तीन टक्के. मग वीस टक्के बचत येणार कोठून? वीस टक्के पेट्रोल जर खरोखर न जळता बाहेर पडत असते, तर गाडीमागे उभ्या राहणाऱ्याला पेट्रोलचा उग्र वास आला असता. इतकेच नव्हे, तर धुरातील उरलेसुरले इंधन जाळणारा हल्लीच्या गाड्यांमधील उत्प्रेरक भाग अतिशय तापून निकामी झाला असता.

खरी गळती आहे ती उष्णतेची. उष्णतेचे संपूर्ण रूपांतर कामात करणारे इंजिन बनवता येत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. साडी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली त्याचा पाया घातला. नळीवरचा चुंबक हा नियम बदलू शकत नाही. पेट्रोलच्या रेणूंवर चुंबकाचा परिणाम अत्यंत क्षीण असतो, आणि त्याने ज्वलन सुधारत नाही.

चक्रीचेही तसेच. २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज ६ मानके लागू झाली. त्यानंतरच्या बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटर नसून इंधन फवारणारी यंत्रणा असते. धुरात किती ऑक्सिजन उरला हे एक संवेदक सतत मोजतो आणि एक छोटा संगणक त्यानुसार फवारा कमीजास्त करतो. साध्या पेट्रोलच्या १ किलोग्रॅमला सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते, ते प्रमाण तो सांभाळतो. अशा यंत्रणेत चक्री बसवली म्हणजे हवेच्या वाटेत एक अडथळा तेवढा वाढतो.

पाण्यातून पेट्रोल?

पाण्याच्या बाटलीची गोष्ट अधिक मजेदार आहे. बॅटरीच्या विजेने पाण्याचे विघटन करायचे आणि मिळालेला हायड्रोजन इंजिनात जाळायचा. हायड्रोजन जळतो हे तर खरेच. पण वीज कोठून आली? इंजिननेच जनित्र फिरवून ती दिली! समजा साधन १२ व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह घेते. म्हणजे १२० वॅट. जनित्राची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर त्यासाठी इंजिनला २०० वॅट द्यावे लागतात. विघटनात ७० टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली, तर झाले ८४ वॅट. इंजिनने त्यातील ३० टक्के कामात आणले, तर हाती येतात सुमारे २५ वॅट. दोनशे देऊन पंचवीस परत घेण्याच्या या व्यवहाराला बचत कसे म्हणावे?

मग ताकद वाढतच नाही का?

वाढते, पण फुकट नाही. इंजिनात जितकी जास्त हवा कोंबता येईल, तितके जास्त इंधन जाळता येते. टर्बोचार्जर हेच करतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो एक चक्र फिरवतो आणि हवा दाबून आत पाठवतो. पण ती जास्तीची ताकद वापरली, की इंधनही जास्त लागते. शिवाय हे इंजिन मुळात तो दाब सोसेल असे बनवलेले असावे लागते. सायलेन्सर बदलून फटफट आवाज करणाऱ्यांना मात्र गाडी अधिक जोरात धावते असे वाटते. वाढलेला असतो तो बहुतांशी आवाज. फसतो तो कान!

लोक खोटे बोलतात का?

"पण आमच्या शेजाऱ्याला खरेच फरक पडला!" असे तुम्ही म्हणाल. शेजारी खोटे बोलतो असे मुळीच नाही. त्याचे मोजमाप कच्चे असते. समजा, बपेरा ते तुमसर जाणे-येणे ५० किलोमीटर झाले आणि त्याला १ लिटर पेट्रोल लागले. टाकी पुन्हा "फुल" करताना गाडी थोडी कलली आणि १०० मिलिलिटर कमी मावले, तर हिशेबात अ‍ॅव्हरेज ५० ऐवजी ५५ पेक्षा जास्त दिसेल! पेट्रोल दर १० अंश सेल्सिअसला सुमारे १ टक्का प्रसरण पावते. विदर्भातल्या जानेवारीच्या पहाटेची आणि मे महिन्याच्या दुपारची तुलना करून पाहा. त्यात वारा, पाऊस, मागे बसलेला माणूस, चाकातील हवा आणि पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण यांचीही भर पडते.

सगळ्यात मोठा बदल चालवणाऱ्यात होतो. पैसे खर्चून डबी बसवली, की तो नकळत गाडी जपून चालवतो. बचत होते ती मुठीमुळे, श्रेय मिळते डबीला.

मग खरी परीक्षा कशी घ्यावी? चार गोष्टी लक्षात ठेवा.

१. आधी डबीशिवाय निदान पाच फेऱ्या करून नोंद ठेवावी. समजा ४८, ५२, ५०, ४७, ५३ असे आकडे आले. सरासरी ५०, पण चढउतार सहाचा. मग डबी लावून एकदा ५२ आले, तर त्याला काहीच अर्थ नाही.

२. एक फेरी डबीसह, एक डबीविना, अशा आलटून पालटून फेऱ्या कराव्यात.

३. चालवणाऱ्याला डबी खरी आहे की आत नुसता लाकडाचा तुकडा आहे, हे कळू देऊ नये.

४. मार्ग, वेळ, वजन आणि चाकातील हवा सारखीच ठेवावी.

पेट्रोल ज्वालाग्राही असल्याने ते भरण्याचे काम मोठ्यांकडेच सोपवा. तुम्ही वही सांभाळा!

प्रयोगशाळांत याहून काटेकोर पद्धत असते. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत गाडी रस्त्यावर नव्हे, तर रुळांवर जागच्या जागी चालवतात आणि वेग ठरलेल्या वेळापत्रकानुसार बदलतात. १९७३ साली तेलाचे संकट आले आणि अमेरिकेत बचतीच्या साधनांचा सुळसुळाट झाला. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने पुढे शंभरावर साधने तपासली. फारच थोड्यांनी काही बचत केली, तीही अल्प. काहींनी तर धुरातील प्रदूषण वाढवले.

खरा फायदा साध्या गोष्टींत आहे. चाकातील हवा योग्य ठेवणे, साखळीला वंगण देणे, गाडी उभी असताना इंजिन बंद करणे आणि वेग आवरणे. वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध चौपट होतो. या उपायांना डबी लागत नाही, म्हणून त्यांची जाहिरातही कोणी करत नाही.

पुढच्या वेळी कोणी अशी डबी दाखवली, तर त्याला दोनच प्रश्न विचारा. वाचलेली ऊर्जा आधी कोठे वाया जात होती? आणि तुम्ही ते मोजले कसे?