ऑलिव्ह बटर फळातून निघत नाही

ऑलिव्ह बटर म्हणजे घट्ट केलेले ऑलिव्ह तेल. बॉडी बटर, लिप बाम आणि कोरड्या त्वचेच्या क्रीममध्ये ते वापरतात. शिया किंवा कोको बटरप्रमाणे हेही झाडाकडून आयते मिळते, हा त्याबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज. कोको बटरमधील सुमारे 60 टक्के मेदाम्ले संपृक्त असतात, म्हणून ते मुळातच घट्ट असते. ऑलिव्ह तेलात संपृक्त मेदाम्ले साधारण 15 टक्केच. एकटे ओलेइक हे असंपृक्त आम्लच 55 ते 83 टक्के. असे तेल खोलीच्या तापमानाला पातळच राहणार. फळ कितीही दाबले, तरी त्यातून लोणी येत नाही.

ते घट्ट करतात कारखान्यात. निकेलसारख्या उत्प्रेरकाच्या मदतीने तेलाचा हायड्रोजनशी संयोग घडवतात. वनस्पती तूप बनते तीच ही प्रक्रिया. काही उत्पादक साध्या ऑलिव्ह तेलात हायड्रोजनेटेड वनस्पती तेल मिसळून काम भागवतात, आणि हे दुसरे तेल ऑलिव्हचेच असते असे नाही. घटकयादीत ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल ऑइल’ छापलेले असताना तेच बटर ‘प्रक्रियाविरहित’ म्हणून खपवणे ही ग्राहकाची सरळ फसवणूक आहे. प्रक्रियेमुळे घटक वाईट ठरत नाही. उलट तेल लवकर खवट होत नाही आणि क्रीमला घट्टपणा येतो. आक्षेप आहे तो खोट्या दाव्याला.

‘त्वचेचे पोषण’ हा दावाही तपासून घ्यावा असाच. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. त्याला खाऊ घालता येत नाही. बटरमध्ये पाणीही नसते. ते त्वचेवर पातळ थर धरते आणि आतल्या पाण्याचे बाष्पीभवन कमी करते. म्हणून अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच ते लावावे. पाणी ओढून धरणे मात्र बटरचे काम नाही, ते ग्लिसरीनसारख्या घटकाचे.

ऑलिव्ह आहे म्हणजे नाजूक त्वचेला निर्धोक, हे मात्र डोळे मिटून मानू नये. 2013 मध्ये ‘पीडियाट्रिक डर्मॅटॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात 19 प्रौढांच्या त्वचेवर काही आठवडे तेले लावून पाहिली गेली. ऑलिव्ह तेलाने त्वचेचे संरक्षक आवरण कमकुवत झाले, सौम्य लालीही आली. सूर्यफुलाच्या तेलाने आवरण टिकले. अभ्यास लहान आहे आणि तेलाचा आहे, बटरचा नाही. पण साधे ऑलिव्ह तेल मिसळलेल्या बटरला तो लागू पडू शकतो. बाळाच्या मालिशसाठी ऑलिव्ह तेल आणणाऱ्या घरांनीही, विशेषतः बाळाला इसब असेल तर, आधी डॉक्टरांना विचारावे.

उरलेले गैरसमज थोडक्यात. ऑलिव्ह बटर सनस्क्रीनचे काम करत नाही. त्यातील हायड्रोजनेटेड तेलाला ‘ट्रान्स फॅट’ म्हणून घाबरू नये. तो धोका खाण्यातून येतो. कोंड्यावर ऑलिव्ह तेल उपाय नाही. कोंड्याशी संबंधित मालासेझिया ही बुरशी मेदावरच जगते.

घटकयादी साधारणपणे उतरत्या प्रमाणाने छापतात. ऑलिव्हचे नाव अगदी शेवटी असेल, तर ऑलिव्हच्या नावाने जास्तीचे पैसे मोजू नयेत.