डंबोचे कान

थट्टेचा विषय झालेल्या प्राण्यांच्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. त्यांत सर्वांत प्रसिद्ध गोष्ट म्हणजे हान्स अँडरसनचे कुरूप बदकपिल्लू. ते १८४३ साली डेन्मार्कमध्ये जन्मले आणि ग. दि. माडगूळकरांच्या गीताने मराठी घराघरांत पोहोचले. ही गोष्ट मला आवडते, परंतु तिचा शेवट मात्र नेहमी खटकत आला आहे. ते पिल्लू मुळात राजहंसाचे निघते आणि म्हणून त्याचे दुःख संपते. समजा, ते खरोखरच बदकाचे निघाले असते, तर? त्याच्या कुरूपपणाचे काय झाले असते?

याच प्रश्नाला वेगळे उत्तर देणारा एक कार्टून चित्रपट आम्ही सातआठ जणांनी यंदा वसतिगृहात एका मित्राच्या संगणकावर पाहिला. तो म्हणजे वॉल्ट डिस्ने यांचा ‘डंबो’. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. लांबी अवघी चौसष्ट मिनिटे. लहान मुलांचा चित्रपट म्हणून आम्ही हसतखेळत पाहायला बसलो होतो. उठताना तितके हसत नव्हतो.

कथा थोडक्यात अशी. सर्कशीतल्या एका हत्तिणीला करकोचा बाळ आणून देतो. त्याचे नाव जंबो ज्युनिअर. बाळाला शिंक येते, कान उलगडतात आणि ते अंगाबाहेर मोठे असल्याचे दिसते. क्षणापूर्वी कौतुक करणाऱ्या इतर हत्तिणी तत्काळ कुजबुजू लागतात आणि त्याला ‘डंबो’ म्हणतात. इंग्रजीत ‘डंब’ म्हणजे मुका, आणि मठ्ठही. म्हणजे आज जे नाव जगभर लाडाने घेतले जाते, ते मुळात टोपणनाव नसून टोमणा आहे. पुढे काही पोरे त्याचे कान ओढतात. आई चिडून एका पोराला सोंडेने फटकावते, तेव्हा तिला वेडी हत्तीण ठरवून साखळदंडांनी कोंडतात. डंबो कानांत अडखळून पडतो, त्यासरशी हत्तींचा मनोरा आणि सारा तंबू कोसळतो. मग त्याला विदूषकांत ढकलतात, आणि हत्तिणी ‘हा आता हत्ती नव्हे’ अशी शपथच घेतात. एकटा टिमथी नावाचा उंदीर त्याच्या बाजूने उभा राहतो. शेवटी डंबो त्याच कानांनी उडू लागतो.

येथे राजहंस निघत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. डंबो शेवटपर्यंत हत्तीच राहतो आणि त्याचे कानही तेवढेच राहतात. ज्या अवयवाने तो पडत होता, त्याच अवयवाने तो उडतो.

या चित्रपटाच्या निर्मितीची हकीगतही बोलकी आहे. १९४० साली आलेले ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटाशिया’ हे डिस्नेचे दोन महागडे चित्रपट युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाल्याने तोट्यात गेले. तेव्हा ‘डंबो’ काटकसरीने, सुमारे साडेनऊ लाख डॉलरमध्ये करण्यात आला. ‘पिनोकिओ’ला पंचवीस लाखांहून अधिक लागले होते. पार्श्वभूमी साध्या जलरंगांत रंगवली गेली आणि रेखाटनही सोपे ठेवले गेले. गंमत अशी, की या साधेपणानेच चित्रपट तरला आणि त्याने स्टुडिओला नफाही मिळवून दिला. फ्रँक चर्चिल आणि ऑलिव्हर वॉलेस यांना संगीताबद्दल ऑस्कर मिळाले.

निर्मिती चालू असतानाच, २९ मे १९४१ रोजी, स्टुडिओतील चित्रकारांनी संप पुकारला. चित्रपटात विदूषक मालकाकडे पगारवाढ मागायला निघतात, तो प्रसंग संपवाल्यांची टिंगल असल्याचे मानले जाते. डंबोच्या हालचाली रेखाटणारे बिल टायटला हेही संपात सामील झाले होते. त्यांनी डंबोचे हावभाव स्वतःच्या लहानग्या मुलावरून घेतले. त्यामुळेच चित्रपटभर एक शब्दही न बोलणारा डंबो आपल्याला सर्व काही सांगतो. त्याची आईसुद्धा एकदाच बोलते, आणि ते बाळाचे नाव असते.

मात्र बहिष्कृताची बाजू घेणारा हा चित्रपट स्वतः निर्दोष नाही. डंबोला उडायला मदत करणारे कावळे कृष्णवर्णीयांच्या बोलण्याची, चालण्याची नक्कल करतात. निर्मितीच्या वेळी त्यांच्या म्होरक्याचे नाव होते ‘जिम क्रो’. अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्यांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवणारे कायदे याच नावाने ओळखले जात. या म्होरक्याला आवाज दिला तो क्लिफ एडवर्ड्स या गोऱ्या नटाने. भर पावसात तंबू उभारणारे काळे मजूर तर चेहऱ्याशिवायच रेखाटले आहेत. २०१९ साली टिम बर्टन यांनी केलेल्या नव्या ‘डंबो’त हे कावळे नाहीत. एकाच्या कानांना हसू नये असे शिकवताना दुसऱ्याच्या बोलीला हसवणे, ही विसंगती मला फार बोचली.

बोचण्याचे कारण सांगतो. पहिल्या वर्षी वर्गात मला एक उतारा मोठ्याने वाचायला सांगितला होता. आमच्या घरात ‘ण’ नाही. त्या उताऱ्यात ‘आणि’ हा शब्द नऊ वेळा आला, आणि नऊही वेळा मी ‘आनि’ वाचले. तिसऱ्या वेळी मागून खसखस पिकली, नवव्या वेळी सारा वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडले नाही. परंतु कबूल केले पाहिजे, की डंबो कानांत अडखळून पडला, तेव्हा वसतिगृहात सर्वांत मोठ्याने हसणारा मीच होतो.

कावळे डंबोला एक पीस देतात आणि ते जादूचे असल्याचे टिमथी त्याला पटवतो. खेळ चालू असताना, उंचावरून उडी घेतल्यावर, ते पीस सोंडेतून निसटते, आणि मग टिमथी ओरडून सांगतो की ती जादू खोटी होती. सामान्यतः या प्रसंगाचे तात्पर्य ‘आत्मविश्वास बाळगा’ असे काढले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. कारण पुढे काय होते? डंबो उडाला, की वर्तमानपत्रांत मथळे झळकतात, त्याच्या कानांचा दहा लाख डॉलरचा विमा उतरवला जातो आणि शपथ घेणाऱ्या त्याच हत्तिणी त्याचे कौतुक गातात. म्हणजे सर्कस बदलली नाही. फक्त ते कान आता कमाईचे झाले. डंबो उडाला नसता, तर? मग आपण राजहंसाच्याच गोष्टीवर परत आलो नाही का? विशेष ठरल्यावाचून माणसाला मान नाही, हाच का दोन्हींचा अर्थ?

मी बरेच दिवस यावर विचार केला. वक्तृत्वस्पर्धेत पारितोषिक मिळवून हसणाऱ्यांची तोंडे बंद करावीत, असे मलाही वाटले होते. पण पारितोषिक न मिळणाऱ्यांचे काय?

उत्तर चित्रपटाच्या शेवटी नाही, सुरुवातीला आहे. हत्तिणी कुजबुजत असतात, तेव्हा आई तिकडे पाठ फिरवते, बाळाला त्याच्याच मोठ्या कानांत गुंडाळते आणि सोंडेत घेऊन जोजवते. तो पुढे उडणार आहे, हे तिला ठाऊक नसते. टिमथीलाही ठाऊक नसते. तिच्या लेखी ते कान म्हणजे बाळाचे पांघरूण.

यंदा मी वर्गात पुन्हा वाचू लागलो आहे. ‘ण’ आता बहुतेक वेळा नीट उमटतो. सुटीत घरी गेलो, की मात्र आई जेवायला वाढताना ‘आनि काय देऊ?’ असे विचारते, आणि मीही ‘आनि कायबी नको’ असेच म्हणतो.