भट्टीतून आलेला आवाज : तित्ता रुफ्फो

1914 सालच्या 8 जानेवारीला अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीसाठी दोन इटालियन गवई ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर उभे राहिले. एक होता एन्रिको कारुझो, साऱ्या जगाला नावाने ठाऊक असलेला टेनर. दुसरा तित्ता रुफ्फो. व्हेर्दीच्या ‘ओतेल्लो’ या ऑपेरातलं दुसऱ्या अंकाच्या शेवटचं द्वंद्वगीत त्यांना गायचं होतं. मत्सराने पेटलेला ओतेल्लो सूडाची शपथ घेतो आणि त्याच्या मनात विष कालवणारा इयागो शेजारी गुडघे टेकून तीच शपथ उच्चारतो. मायक्रोफोन अजून स्टुडिओत आलेला नव्हता. गळ्यातून निघालेली हवेची लाट कर्ण्यातून थेट सुईपर्यंत जायची आणि मेणाच्या तबकडीवर कोरली जायची. या मुद्रणाला आता शंभरहून अधिक वर्षं झाली. त्यानंतर हे द्वंद्वगीत कित्येक जोड्यांनी उत्तम साधनं वापरून मुद्रित केलं. कारुझो आणि रुफ्फो यांच्या त्या खरखरत्या तबकडीच्या पुढे त्यांतलं एकही गेलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारुझो आधी गातो. त्याचा आवाज भरदार आहे, ऊन पडल्यासारखा आहे. मग इयागो म्हणून रुफ्फो शिरतो आणि ऐकणारा सावरून बसतो. हा आवाज टेनरहून खालचा, पण त्याहून कमी तेजस्वी मुळीच नाही. गडद रंगाचा, काठाला धातूची धार असलेला आणि वर चढताना बारीक होण्याऐवजी रुंद होत जाणारा. कारुझोसमोर दुसरा गवई झाकोळून जायचा, हा नेहमीचा अनुभव. इथे मात्र दोघे बरोबरीने भिडतात, आणि शेवटी एकत्र गाताना कोण कोणावर मात करतो हे सांगता येत नाही.

बॅरिटोन म्हणजे टेनर आणि खर्जातला बास यांच्या मधला पुरुषी आवाज. इटालियन ऑपेरात प्रियकर टेनर असतो. बाप, खलनायक, सत्तेने एकटा पडलेला राजा, सूडाने जळणारा माणूस हे सगळे बॅरिटोनच्या वाट्याला येतात. ही वाटणी पक्की केली ती मुख्यतः व्हेर्दीने. 11 मार्च 1851 रोजी व्हेनिसच्या ‘ला फेनिचे’ नाट्यगृहात ‘रिगोलेत्तो’चा पहिला प्रयोग झाला आणि कुबड असलेला दरबारी विदूषक ऑपेराचा नायक बनला. व्हेर्दी आपल्या बॅरिटोनला बराच वेळ आवाजाच्या वरच्या भागात ठेवतो, आणि तिथे नुसती मधुरता पुरत नाही. संताप, उपहास, रडू हे सगळं त्याच उंचीवर, पूर्ण वाद्यवृंदाच्या डोक्यावरून प्रेक्षकापर्यंत पोचवावं लागतं. हे ज्याला पेलतं तो ‘ड्रामॅटिक बॅरिटोन’. असे गवई दर पिढीत मोजकेच निघतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा माझ्या लेखी रुफ्फो.

त्याचा जन्म 9 जून 1877 रोजी पिसा शहरात झाला. वडील ओरेस्ते तित्ता लोखंडाचं नक्षीकाम करणारे कारागीर. आडनाव तित्ता आणि नाव रुफ्फो. हे नाव वडिलांनी आपल्या लाडक्या शिकारी कुत्र्यावरून ठेवलेलं! मुलाला ते कधीच रुचलं नाही. पुढे रंगभूमीवर येताना त्याने नाव आणि आडनावाची अदलाबदल केली आणि रुफ्फो तित्ताचा तित्ता रुफ्फो झाला. कुटुंब रोमला आलं. मुलगा शाळेऐवजी वडिलांच्या भट्टीवर उभा राहिला आणि घण मारत वाढला. वडिलांशी त्याचं पटेना. एकदा तर घर सोडून तो दुसऱ्या गावी लोहारकाम करून पोट भरू लागला.

संगीत घरात आलं ते भाऊ एत्तोरे याच्यामुळे. एत्तोरे बासरी शिकत होता. त्याने रुफ्फोला रोमच्या कोस्तान्झी नाट्यगृहात मास्कान्यीचा ‘काव्हाल्लेरिया रुस्तिकाना’ दाखवायला नेलं. घरी परतल्यावर एत्तोरेने त्यातली एक धून बासरीवर धरली, रुफ्फोने सहज तोंड उघडलं, आणि त्या घराला कळलं की आपल्या लोहाराच्या छातीत काय दडलं आहे. रीतसर शिक्षण मात्र त्याला लाभलं नाही. रोमच्या सांता चेचीलिया संगीत विद्यालयात व्हेंचेस्लाव पेर्सिकिनी शिकवत असत. मात्तिया बात्तिस्तीनी आणि जुझेप्पे दे लुका हे थोर बॅरिटोन त्यांचेच शिष्य. त्या पेर्सिकिनींना या पोरात काही दिसलं नाही आणि विद्यालयाने त्याला बाहेरची वाट दाखवली. पुढे मिलानमध्ये लेलिओ कासिनी या बॅरिटोनने त्याला पैसे न घेता शिकवलं. तो ऋणानुबंध रुफ्फो कधी विसरला नाही.

1898 मध्ये त्याच कोस्तान्झी नाट्यगृहात वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’मधल्या राजदूताच्या छोट्या भूमिकेत तो प्रथम उभा राहिला. पुढची पाच वर्षं गावोगावची नाट्यगृहं आणि दक्षिण अमेरिकेचे दौरे यांत गेली. 1903 मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये बोलावणं आलं. तिथे ‘रिगोलेत्तो’च्या तालमीत त्याने पूर्ण आवाज लावला आणि वादकांनी वाजवणं थांबवून दाद दिली. नायिका होती नेली मेल्बा, त्या काळची लंडनची सम्राज्ञीच. हा माझा बाप शोभायला फार तरुण दिसतो, असं तिने सांगितलं आणि रुफ्फोची ती भूमिका गेली. काही वर्षांनी नेपल्समध्ये मेल्बाने त्याच्याबरोबर गायची इच्छा दाखवली, तेव्हा माझी मुलगी शोभायला बाई फार वयस्क आहेत, असा निरोप त्याने पाठवला. हा किस्सा ऑपेराप्रेमी मिटक्या मारत सांगतात. मला त्यात लोहाराच्या पोराचा मानी स्वभाव दिसतो. पुढे हाच मानीपणा त्याला फार महागात पडायचा होता.

1904 मध्ये मिलानच्या ‘ला स्काला’त त्याचा रिगोलेत्तो गाजला. 1908 मध्ये ब्वेनोस आइरेसचं तेआत्रो कोलोन उभं राहिलं तेव्हा पहिल्याच मोसमात त्याने आंब्रुआज तोमाच्या ‘हॅम्लेट’ने तिथल्या रसिकांना वेड लावलं. 1912 मध्ये फिलाडेल्फियातून त्याने अमेरिका काबीज केली. मूळ फ्रेंच असलेला हा ‘हॅम्लेट’ रुफ्फो इटालियनमध्ये गायचा, आणि त्यातलं मद्यगीत म्हणजे त्याचा हुकमी एक्का. मध्ये वाद्यं थांबतात आणि तो एकाच दमात लांबलचक फिरत घेतो. एवढा जड, रुंद आवाज इतक्या चपळाईने धावतो आणि तरीही त्याचा रंग कुठे पुसट होत नाही.

हा आवाज एवढा भेदक कसा? ऑपेराचा गवई ध्वनिवर्धकाशिवाय गातो. वाद्यवृंदाची सर्वाधिक ताकद साधारण 500 हर्ट्झच्या आसपास असते आणि त्यावर ती उतरत जाते. मुरलेल्या पुरुषी आवाजात स्वरयंत्राच्या लगतची पोकळी अशी साधली जाते की 3000 हर्ट्झच्या आसपास नादाचा एक जादा पुंजका तयार होतो. वाद्यं तिथे दुबळी असतात, म्हणून एकटा माणूस साठसत्तर वादकांच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. कानाला ती ‘धातूची धार’ वाटते. रुफ्फोकडे ती धार उपजत होती, आणि तिच्या जोडीला त्याने स्वरांना हेतुपुरस्सर गडद रंग चढवला. बात्तिस्तीनीची पिढी रेशमी, नजाकतीचं गाणं गात होती. रुफ्फोने त्यात रक्त आणि घाम आणला. त्याच्यानंतरच्या बॅरिटोनांनी त्याची नक्कल करायला जाऊन गळे खराब करून घेतले, कारण तो रंग त्यांना जोर लावून आणावा लागत होता.

केवळ आवाजाच्या आकारावर मात्र मी त्याला मोठा म्हणत नाही. ‘रिगोलेत्तो’च्या पहिल्या अंकातलं स्वगत ऐका. विदूषकाला रात्रीच्या अंधारात भाडोत्री मारेकरी भेटून गेला आहे. त्याच्याकडे सुरा आणि आपल्याकडे जीभ, म्हणजे आपण दोघे सारखेच, हा विचार त्याला चाटून जातो. मग स्वतःच्या कुबडाचा संताप येतो, दरबाऱ्यांचा द्वेष उसळतो, घरी असलेल्या मुलीच्या आठवणीने मन विरघळतं आणि एका म्हाताऱ्याने दिलेला शाप पुन्हा डोकं वर काढतो. चार मिनिटांच्या आत हे सगळं घडतं. रुफ्फो प्रत्येक वळणावर आवाजाचा रंग बदलतो. कुठे पुटपुटतो, कुठे ओरबाडतो, आणि मुलीशी आला की तोच आवाज मऊ होतो. इटालियनचा एक शब्द न कळणाऱ्यालाही ही वळणं कळतात.

त्याचे सहगायक त्याच्याबद्दल काय म्हणत, हेही सांगायला हवं. दे लुका त्याला आवाज न म्हणता चमत्कार म्हणे. आपण आयुष्यात तीनच चमत्कार पाहिले, कारुझो, रोझा पोन्सेल आणि रुफ्फो, असं कंडक्टर तुल्लिओ सेराफिन सांगत.

पहिल्या महायुद्धात तो सैन्यात गेला आणि ऐन भरातली वर्षं हातची गेली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये तो प्रथम गायला ते 1922 च्या जानेवारीत, कारुझो जाऊन पाच महिने झाल्यावर. तेव्हा त्याची चमक ओसरू लागली होती. इतक्या सढळ हाताने उधळलेला आवाज पन्नाशीत थकला. पुढे शिकवायची विनंती झाली तेव्हा त्याने नकार दिला. गाणं कसं गावं हे मलाच कधी कळलं नाही, कळलं असतं तर आवाज पन्नाशीत गेला नसता. मग जे येत नव्हतं ते मी काय शिकवू, असं त्याचं म्हणणं. इतका सरळपणा मोठ्या कलावंतांतही दुर्मीळ.

त्याची धाकटी बहीण व्हेलिया ही लेखिका. तिचं लग्न समाजवादी पुढारी जाकोमो मात्तेओत्ती याच्याशी झालं होतं. 30 मे 1924 रोजी मात्तेओत्तीने संसदेत उभं राहून फॅसिस्टांनी निवडणुकीत केलेली दहशत आणि फसवणूक उघड केली. 10 जूनला रोममध्ये भर दिवसा त्याला पळवून नेऊन ठार मारण्यात आलं. प्रेत सापडलं ऑगस्टमध्ये. अंत्ययात्रेत मेव्हण्याच्या शवपेटीला रुफ्फोने खांदा दिला. त्या काळात इटलीचे बहुतेक नामवंत कलावंत मुसोलिनीशी जमवून घेत होते, तेव्हा देशातला सर्वांत प्रसिद्ध बॅरिटोन खून झालेल्या विरोधकाच्या पेटीखाली उभा होता. त्याची किंमत त्याने भरली. पिसाच्या नाट्यगृहात लावलेली त्याच्या नावाची पाटी फॅसिस्टांनी उखडली. मार्सेयमध्ये त्याच्यावर हल्ला झाला. 1937 मध्ये, त्याचं आत्मचरित्र ‘ला मिआ पाराबोला’ प्रसिद्ध झालं त्याच वर्षी, रोममध्ये त्याला अटक झाली आणि पासपोर्ट जप्त झाला.

25 जुलै 1943 ला मुसोलिनी पडल्याची बातमी आली तेव्हा रुफ्फो फ्लॉरेन्समध्ये होता. सहासष्ट वर्षांच्या त्या निवृत्त गवयाने खिडकी उघडली आणि जमलेल्या गर्दीसमोर फ्रेंच क्रांतीचं गीत ‘मार्सेयेज’ गायलं. दहा वर्षांनी, 5 जुलै 1953 रोजी, फ्लॉरेन्समध्येच तो वारला.

त्याच्या तबकड्या आज इंटरनेटवर सहज मिळतात. पहिल्या खेपेला खरखरच अधिक ऐकू येईल. कान सरावायला दोनतीन गाणी जाऊ द्या. आधी कारुझोबरोबरची ती शपथ ऐका, मग ‘हॅम्लेट’मधलं मद्यगीत, मग ‘रिगोलेत्तो’मधलं स्वगत आणि मारिया गाल्व्हानीबरोबरचं सूडाचं द्वंद्वगीत. शेवटी लेओंकाव्हाल्लोच्या ‘पाल्याच्ची’चा प्रस्ताव लावा. त्यात एक नट पडद्याबाहेर येऊन प्रेक्षकांना सांगतो की आम्हीही हाडामांसाची माणसं आहोत. हा क्रम मोडू नका, आणि आवाज थोडा मोठा ठेवा.