नोकरी कुठे गेली, याचा दाखला

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात गेल्सबर्ग नावाचे एक लहानसे शहर आहे. कवी कार्ल सँडबर्ग यांचे जन्मस्थान आणि रेल्वेचे एक मोठे ठाणे, एवढीच त्याची बाहेरच्या जगाला ओळख. तेथील मेटॅग कंपनीचा फ्रीज तयार करणारा कारखाना १६ सप्टेंबर २००४ रोजी कायमचा बंद झाला. लोकांना फ्रीज नकोसे झाले होते असे मुळीच नाही; तेच काम मेक्सिकोच्या सीमेवरील रेनोसा शहरात पुष्कळच कमी मजुरीत होणार होते, आणि त्या हिशेबापायी सुमारे १६०० माणसांची रोजी टप्प्याटप्प्याने संपुष्टात आली.

अशा कामगारांचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न अमेरिकेत फार आधी उपस्थित झाला होता. पोलाद कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅक्डोनाल्ड यांनी १९५४ मध्ये सरकारी आयोगाचे सभासद या नात्याने अशी सूचना मांडली, की जकात उतरवून परदेशी मालाला दार उघडायचे असेल, तर त्यामुळे ज्यांच्या पोटावर पाय येतो त्यांची तजवीज सरकारने करावी. युक्तिवाद सरळ होता. स्वस्त मालाचा लाभ साऱ्या राष्ट्राला थोडा थोडा मिळतो, हानी मात्र मूठभर लोकांच्या घरात एकदम शिरते. तेव्हा लाभ घेणाऱ्याने हानी सोसणाऱ्याचे देणे चुकते करावे. केनेडी यांच्या कारकिर्दीत १९६२ च्या व्यापारविस्तार कायद्यात ही तरतूद झाली. परंतु आयात वाढण्याचे मुख्य कारण जकातीतील सवलत, आणि नोकरी जाण्याचे मुख्य कारण ती आयात, असे दुहेरी प्रमाण मागितले गेल्यामुळे जवळजवळ सात वर्षे एकाही कामगाराचा अर्ज मंजूर झाला नाही! पुढे १९७४ च्या कायद्याने ही अट सैल केली आणि योजनेला खरा जीव आला.

या योजनेचे रहस्य तिच्या दप्तरात आहे. एकाच कारखान्यातील तीन कामगार, त्यांची संघटना किंवा खुद्द मालकही मजूरखात्याकडे अर्ज करू शकत. मग खात्याचा तपासनीस कंपनीकडे आणि तिच्या गिऱ्हाइकांकडे प्रश्नावली धाडून उत्पादन किती घटले, आयात किती वाढली, काम कोठे हलवले, याची तहकीकात करी. आणि खात्री पटली म्हणजे त्या गटाला पात्रतेचा दाखला मिळे. दाखला मिळालेल्या कामगाराला नव्या व्यवसायाचे शिक्षण सरकारी खर्चाने घेता येई, आणि शिकत असताना उत्तरकालीन नियमांप्रमाणे बेकारभत्त्यासह १३० आठवड्यांपर्यंत निर्वाहाची रक्कम मिळे. वयाची पन्नाशी उलटलेल्या आणि कमी पगाराची नोकरी पत्करावी लागलेल्या माणसाला जुन्या-नव्या वेतनातील फरकाचा अर्धा भाग, दोन वर्षांत मिळून १०,००० डॉलरांच्या मर्यादेत, देण्याची सोयही होती. मला ती साऱ्या योजनेत अधिक शहाणपणाची वाटते, कारण पन्नाशीच्या माणसाला पुन्हा बाकावर बसवण्याचा हट्ट तीत नाही.

दाखला नसेल तर? यंत्र आल्यामुळे शेजारच्या कारखान्यातून निघालेल्या माणसाला बहुतेक राज्यांत २६ आठवड्यांचा साधा बेकारभत्ता घेऊन गप्प बसावे लागे. दोघांचेही घरभाडे थकलेले असे, पण एकाचे दुःख परदेशी आणि दुसऱ्याचे स्वदेशी! परदेशांतही पुन्हा भेद होताच. २००२ च्या कायद्यानुसार काम मेक्सिकोसारख्या करारबद्ध देशात गेले तर एक न्याय, आणि चीनला गेले तर तेथून आयात वाढली किंवा वाढणार आहे हेही सिद्ध करा, असा दुसरा न्याय. संगणकाच्या प्रोग्रामांची गंमत तर आपल्याकडील वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. पुण्या-बंगळुरूच्या कचेऱ्यांत ज्या काळात असे काम भराभर येत होते, त्याच काळात तिकडचे काही बेकार प्रोग्रामर मजूरखात्याकडे अर्ज करीत होते आणि खाते त्यांना उत्तर देत होते, की प्रोग्राम तबकडीवर भरून आला तर तो माल, तारेवरून आला तर माल नव्हे. आणि माल नाही म्हणून मदतही नाही. न्यायालयात पराभव पदरी आल्यावर २००६ मध्ये खात्याने हा हेका सोडला, आणि २००९ मध्ये सेवा-व्यवसायातील कामगारांना, काम कोणत्याही देशात गेले असले तरी, या कायद्याचे दार उघडले.

एवढ्या खटाटोपाने माणूस सावरतो का, याबद्दल मतभेद आहेत. कामगार संघटनांतील टीकाकार या मदतीला उपहासाने मयतीचा विमा म्हणत आले. मजूरखात्याने करवून घेतलेल्या २०१२ च्या पाहणीत असे आढळले, की मदत घेतलेल्यांचे उत्पन्न चार वर्षांनंतरही, तशाच स्थितीतील इतर बेकारांपेक्षा कमीच होते. उलट, नंतरच्या एका संशोधनात शिक्षण घेतलेल्यांची दहा वर्षांतील एकूण कमाई सुमारे ५०,००० डॉलरांनी अधिक भरली. या दुसऱ्या संशोधनाची रीतच मोठी बोलकी आहे: काही तपासनीस स्वभावतः उदार, काही कडक, आणि कोणता अर्ज कोणाच्या मेजावर पडेल हे बहुतांशी योगायोगावर अवलंबून, या तफावतीचाच तराजू करून संशोधकाने मदतीचे मोल तोलले. जे राष्ट्राचे देणे म्हणून मांडले गेले होते, ते वसूल होणे न होणे शेवटी एका कारकुनाच्या स्वभावावर येऊन ठेपावे, यापरते त्या कायद्याचे वैगुण्य दाखवण्यास दुसरा पुरावा नको.

अमेरिकी काँग्रेसने योजनेची मुदत न वाढवल्यामुळे १ जुलै २०२२ पासून मजूरखात्याने नवे दाखले देणे बंद केले. ज्यांच्या हाती दाखला आधीच पडला होता, त्यांचेच लाभ तेवढे पुढे चालू राहिले.