उशिरा बोलणारे मूल आणि तपासणीची वेळ

दोन-अडीच वर्षांचे मूल बोलत नसले की घरात समजुतीची काही उत्तरे तयारच असतात. मुलगे उशिरा बोलतात, याचे वडीलही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते, शाळेत घातले की आपोआप बोलेल, अशी ही उत्तरे असून त्यांत सत्याचा अंशही आहे. कारण मुलगे सरासरीने मुलींपेक्षा थोडे मागून बोलू लागतात, काही कुटुंबांत बोलणे लांबण्याची प्रवृत्ती पिढ्यान् पिढ्या दिसते आणि दोन वर्षांपर्यंत फारसे न बोललेली बरीच मुले पुढे बरोबरीच्या मुलांना गाठतात. परंतु कोणते मूल आपोआप बोलू लागेल आणि कोणाला मदत लागेल, हे नुसते पाहून घरच्यांनाच काय, अनुभवी डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. वेळेवर केलेल्या तपासणीने कोणाचेही नुकसान होत नाही. वाट पाहण्यात मात्र मेंदू भाषा सर्वांत सहजपणे आत्मसात करतो ती पहिली काही वर्षे हातची जाऊ शकतात.

तपासणीचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. शब्द कमी असणे, वाक्ये न जुळणे किंवा सांगितलेले न समजणे हा भाषाविकासातील विलंब होय. तर शब्द पुरेसे असूनही ते ऐकणाऱ्याला न कळणे हा उच्चारांचा प्रश्न होय. साधारणपणे एक वर्षाचे मूल एखाद-दुसरा अर्थपूर्ण शब्द बोलते, हवी ती वस्तू बोटाने दाखवते आणि नावाने हाक मारली की वळून पाहते. दोन वर्षांच्या सुमारास त्याच्याजवळ पन्नासेक शब्द असतात आणि ‘आई ये’, ‘दूध नको’ अशी दोन शब्दांची जोडणी ते करू लागते. मुलामुलांत फरक असतोच, तथापि वर्षाचे होऊनही मूल खुणा करत नसेल वा बडबड करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नसेल, किंवा दोन वर्षांनंतरही स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, तर तज्ज्ञांना दाखवणे योग्य ठरते. आलेले शब्द किंवा हावभाव एकाएकी नाहीसे होऊ लागले, तर मुलाचे वय काहीही असो, विलंब करू नये.

उच्चारांच्या बाबतीत वयाचे भान ठेवणे विशेष आवश्यक आहे. लहान मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणते, कारण जिभेचे टोक दातांमागे टेकवून ‘त’ काढणे तिचा मागचा भाग उचलून ‘क’ काढण्यापेक्षा त्याला सोपे जाते. त्याचप्रमाणे ‘राम’चा ‘लाम’ होतो, कारण ‘र’साठी जिभेच्या टोकाला जलद कंप द्यावा लागतो आणि हे कौशल्य बहुतेक मुलांना उशिराच साधते. बोबडे बोल या अर्थाने वाढीचाच एक टप्पा असतात. मात्र तीन वर्षांच्या मुलाचे बरेचसे बोलणे आणि चार वर्षांच्या मुलाचे बहुतेक सर्व बोलणे घराबाहेरच्या माणसालाही कळावे, अशी अपेक्षा असते; चौथ्या वर्षानंतरही आईला दुभाष्याचे काम करावे लागत असेल, तर तपासणी करून घ्यावी.

कारण कोणतेही वाटत असले, तरी पहिली तपासणी श्रवणाची असावी लागते, कारण जे नीट ऐकू येत नाही ते नीट बोलता येत नाही. दाराचा आवाज झाला की मूल वळून पाहते, म्हणून त्याला ऐकू येते, असा निष्कर्ष घरी काढला जातो. परंतु मोठे आवाज ऐकू येऊनही ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे क्षीण व उंच पट्टीचे ध्वनी निसटत असतील, तर शब्द अर्धवटच कानी पडतात. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे द्रव साठून ऐकणे काही काळ मंदावते, आणि तेही सहज लक्षात येत नाही. तान्ह्या बाळाची प्राथमिक चाचणी कानात छोटा प्रोब ठेवून काही मिनिटांत होते. शंका राहिल्यास बाळ झोपेत असताना कपाळावर व कानांजवळ संवेदक लावून, आवाजाला श्रवणमार्ग कसा प्रतिसाद देतो हे नोंदवणारी ‘बेरा’ ही चाचणी करतात. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला आवाज ऐकू आला की ठोकळा डब्यात टाकायला शिकवून खेळाखेळातच त्याची श्रवणक्षमता मोजली जाते. जन्मानंतर महिन्याभरात चाळणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचारांना प्रारंभ, हा यासंबंधीचा सर्वमान्य दंडक आहे.

श्रवण चांगले असेल, तर स्वमग्नता, बौद्धिक विकासातील विलंब, टाळू दुभंगलेली असणे किंवा बोलण्याच्या हालचालींवर मेंदूचे नियंत्रण कमी असणे यांचा शोध घेतला जातो. कित्येकदा यांपैकी काहीच आढळत नाही आणि केवळ भाषाच मागे पडलेली असते. जीभ खाली चिकटलेली असणे हे मात्र शब्द उशिरा येण्याचे कारण नसते. जिभेला वेखंड उगाळून लावण्याची प्रथा जुनी असली, तरी त्याने वाचा फुटत नाही, आणि ते मधातून देणे तर एक वर्षाखालील बाळाला धोक्याचे असते. घरात दोन भाषा असल्यामुळे मूल गोंधळते, ही समजूतही निराधार आहे. इंग्रजी शाळेसाठी किंवा परदेशात राहावे लागते म्हणून मराठी सोडून देणारे आईवडील ज्या भाषेत त्यांना सहज, भरभरून बोलता येते तीच मुलापासून दूर करतात. मोबाइलच्या पडद्याचा प्रश्न मात्र खरा आहे, कारण पडदा मुलाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलाने पडद्यासमोर बसू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसाला एका तासाहून अधिक बसू नये.

मदतीची सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयापासून करता येते. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत व शाळांत मुलांची तपासणी करतात, तिच्यात श्रवण आणि भाषाविकास यांचाही समावेश असतो. शंका आल्यास मुलाला जिल्हा पातळीवरील शीघ्र निदान व उपचार केंद्राकडे पाठवण्याची व्यवस्था आहे. मुंबईत वांद्र्याला 1983 मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण या विषयांसाठीच वाहिलेली आहे, आणि महापालिकेच्या नायर रुग्णालयातही या शाखेचे शिक्षण व उपचार चालतात. खाजगी तज्ज्ञ निवडताना ते भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणीकृत आहेत ना, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. 1992 च्या कायद्याने ही नोंदणी आवश्यक ठरवली आहे. उपचार घेतले म्हणजे मुलावर दिव्यांगत्वाचा शिक्का बसेल, ही भीतीही अनाठायी आहे, कारण प्रमाणपत्र हा स्वतंत्र विषय असून उपचारांसाठी ते लागत नाही.

स्पीच थेरपी म्हणजे मुलाकडून शब्द घोकून घेणे नव्हे. ‘ताता’ म्हणणाऱ्या मुलाला आधी ‘त’ आणि ‘क’ यांतील फरक ऐकून ओळखायला शिकवतात. मग चूळ भरताना घशाशी पाणी खुळखुळवणे किंवा जिभेचे टोक हलकेच खाली धरून ठेवणे अशा युक्त्यांनी जिभेचा मागचा भाग उचलण्याची सवय लावतात. आणि सुटा ‘क’ साधल्यावर तो अक्षरात, शब्दात व शेवटी रोजच्या बोलण्यात रुजवतात. शब्दच कमी असलेल्या मुलासाठी मार्ग वेगळा असतो. मूल ‘गाडी’ म्हणाले, तर ‘हो, लाल गाडी’, ‘गाडी गेली’ असे एक पाऊल पुढचे वाक्य त्याला ऐकवायचे, ते पाहत असेल त्या वस्तूविषयी बोलायचे, आणि प्रश्न विचारल्यावर त्याला उत्तरासाठी अवधी द्यायचा. ‘आधी बोल, मग देईन’ या अडवणुकीने आणि चारचौघांत उच्चार सुधारण्याने मूल बोलण्यालाच भिऊ लागते.

तज्ज्ञांकडे मूल आठवड्यातून एक-दोन तास असते आणि घरात दिवसभर, म्हणून अंघोळ, जेवण, भाजी निवडणे यांसारख्या प्रसंगांत आजी-आजोबांसह साऱ्या घराने हे वळण लावून घेतले, तर उपचारांना खरे बळ मिळते. काही मुलांना थोडक्यात यश येते, काहींना वर्षे लागतात, आणि काहींना चित्रांच्या वा खुणांच्या आधाराने व्यक्त होण्याचा मार्ग द्यावा लागतो. असा आधार दिल्याने मूल बोलायचे थांबत नाही, उलट संवादाची गोडी लागून बोलण्यालाही साहाय्य होते. मुलाला शिकण्यासाठी, मैत्री करण्यासाठी आणि दुखले-खुपले सांगण्यासाठी भाषा लागते. म्हणून मनात शंका आली की नातेवाइकांच्या आश्वासनांवर विसंबून न राहता त्याच महिन्यात श्रवणचाचणीची वेळ घ्यावी, आणि अहवाल निर्दोष आला तरी वाचातज्ज्ञांकडून भाषेची तपासणी करून घेतल्याशिवाय थांबू नये.